रत्नागिरीत काय पाहावे, काय खावे आणि काय तिथेच सोडून यावे

मुंबई-पुण्याकडून कोकणात उतरणारे बहुतेक पर्यटक रत्नागिरी शहराला गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा थांबा समजतात. देवदर्शन उरकायचे, पुळ्याच्या वाळूत संध्याकाळ घालवायची आणि परतताना रत्नागिरीच्या बाजारात गाडी उभी करून आंबापोळी, काजू आणि कोकमाच्या बाटल्या डिकीत भरायच्या, असा हा ठरलेला क्रम असतो. या क्रमात शहर पाहायचे राहून जाते आणि खरेदीही धड होत नाही, कारण घाईत असलेला माणूस दर्शनी भागात मांडलेले असेल तेच उचलतो. रत्नागिरीत दर्शनी भागातली वस्तू सहसा मध्यम प्रतीची असते आणि चांगली वस्तू विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, असे माझे मत झाले आहे. खाण्याच्या पदार्थांइतकेच ते इथल्या प्रेक्षणीय स्थळांनाही लागू पडते. तेव्हा या शहरासाठी निदान दोन पूर्ण दिवस काढावेत, असे गृहीत धरून पुढचे परीक्षण केले आहे.

शहरात एकच ठिकाण पाहण्याइतकी सवड असेल तर ती थिबा राजवाड्याला द्यावी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, नोव्हेंबर १८८५ मध्ये, इंग्रजांनी मंडालेच्या गादीवरून उतरवले, आधी मद्रासला नेले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. पदच्युत राजाला नजरेआड ठेवण्यासाठी त्या काळी याहून सोयीची जागा सापडणे कठीण होते, कारण इथे रेल्वे नव्हती, देशावर जायचे तर घाट चढावा लागे आणि पावसाळ्यात समुद्राची वाटही बंद होत असे. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० मध्ये राहण्याजोगा झाला. म्हणजे तोवर सुमारे चोवीस वर्षे राजा, राणी सुपयालत आणि चार राजकन्या बंगल्यांतच राहत होत्या, आणि या वास्तूत राजाला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. हा हिशेब मनात ठेवून आत शिरले तर राजवाडा कळतो. नाही तर जांभ्या दगडाची एक मोठी तांबडी इमारत पाहिल्याचे समाधान तेवढे पदरी पडते.

इमारत तीन मजली आणि उतरत्या छपराची आहे. तिचे वैभव मुख्यतः लाकूडकामात आहे: अर्धवर्तुळाकार, कोरीव चौकटींच्या खिडक्या, त्यांतल्या रंगीत काचा आणि वरच्या मजल्यावरचा संगमरवरी फरशीचा दिवाणखाना. ऊन असताना जावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे, कारण ढगाळ दिवशी त्या काचा नुसत्या मळकट तावदानांसारख्या दिसतात, आणि ऊन पडले की त्यांचे रंग खिडकीलगतच्या भागावर उतरतात. इमारतीचा काही भाग शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या संग्रहालयाकडे आहे. राजाच्या वापरातल्या वस्तू भरभरून पाहायला मिळतील, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. तनखा पुरत नसल्याने थिबाने बरोबर आणलेले जडजवाहीर विकत विकत दिवस काढले होते, त्यामुळे दाखवण्याजोगे मागे फारसे उरलेच नाही. मला स्वतःला या राजवाड्याची खोल्याखोल्यांतली रिकामी शांतता त्याच्या इतिहासाला साजेशी वाटते. पण लहान मुलांना घेऊन गेलेल्या कुटुंबांचा हिरमोड होतो, हेही खरे.

राजवाडा पाहून झाल्यावर समाधीकडे जाणारे फार थोडे असतात. थिबाची समाधी राजवाड्याच्या आवारात नसून शहरात दुसरीकडे, वस्तीच्या मधोमध आहे. म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये तिथे येऊन गेले, तेव्हा अनेक रत्नागिरीकरांनाही ती जागा नव्याने कळली असेल. राणी १९१९ मध्ये मुलींना घेऊन मायदेशी परतली, पण थोरल्या राजकन्येचे राजवाड्यातल्याच एका मराठी नोकराशी जुळले होते. ती पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये, हलाखीत, इथेच वारली. तिचा वंश या गावात मराठी बोलत वाढला. एवढी कथा ज्या शहराकडे आहे, त्या शहराच्या पर्यटनाच्या जाहिरातीत पहिला फोटो आंब्याच्या पेटीचा असावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

राजवाड्यापासून जवळच थिबा पॉइंट आहे. भाट्ये खाडीचे मुख, खाडीवरचा पूल, पलीकडची सुरूची रांग आणि मागे समुद्र, असा सगळा भूगोल इथून एका नजरेत येतो. सूर्यास्ताला गर्दी होते, तरीही ही जागा टाळू नये. शहराची मांडणी समजून घ्यायची असेल तर हे ठिकाण किल्ल्याहूनही उपयोगी आहे.

रत्नदुर्ग, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला भगवती किल्ला, याबद्दल मात्र माझे मत थोडे हातचे राखून आहे. बहमनी काळापासूनचा हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला आणि पुढे तो आंग्र्यांकडे होता. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या या भूशिराला तीन बाजूंनी समुद्र आहे. एका टोकाला भगवतीचे देऊळ असलेला बालेकिल्ला, दुसऱ्या टोकाला १८६७ पासूनचे दीपगृह, आणि मधल्या भागात वस्ती आहे. गाडी थेट पायथ्याच्या पायऱ्यांपर्यंत जाते, चढ किरकोळ आहे, तटावरून फिरता येते. ज्येष्ठांना घेऊन पाहता येण्याजोग्या मोजक्या किल्ल्यांत याची गणना करावी लागेल. पण विजयदुर्ग किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला इथले बांधकाम साधेच वाटेल. किल्ला म्हणून मध्यम आणि जागा म्हणून उत्तम, असा माझा निवाडा आहे. दीपगृह ठरावीक वेळीच उघडे असते, म्हणून वेळ आधी विचारून ठेवावी आणि शक्य असेल तर बालेकिल्ल्याऐवजी संध्याकाळचा वेळ दीपगृहाला द्यावा.

तटावरून खाली पाहिले की मिरकरवाड्याचे बंदर दिसते. ते वरून पाहून समाधान मानू नये. पहाटे किंवा होड्या परतण्याच्या वेळी खाली उतरावे, नाकाला थोडी सवय करून घ्यावी आणि लिलाव पाहावा. ट्रॉलरवरून उतरवलेली मासळी क्रेटमधून धक्क्यावर ओतली जाते, बोली लावणारा एका दमात आकडे म्हणत सुटतो, आणि कोळणी पदर खोचून, वाद घालत, बोटाने बांगड्याचा कल्ला उघडून बघत उभ्या असतात. कल्ला लालभडक असेल तरच त्या ढिगाकडे पुन्हा वळतात. तपकिरी दिसला की शब्दही न बोलता पुढे सरकतात. फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि कामाच्या वाटेत उभे राहू नये, एवढे पथ्य पाळले तर कोणी हटकत नाही. तिकीट नाही, माहितीफलक नाही, आणि तरीही रत्नागिरी कशावर जगते हे सांगणारी याहून बोलकी जागा शहरात नाही.

तिथे पाहिलेले ताटात मागता आले पाहिजे. बाहेरून आलेला माणूस हॉटेलात बसला की सुरमई नाही तर पापलेट मागतो, आणि हॉटेलवालाही त्याला तेच देऊन मोकळा होतो, कारण या दोन मासळ्यांना भाव आहे आणि त्या बर्फात टिकतातही. माझा सल्ला असा की ‘आज काय आले आहे’ हा प्रश्न मेनूकार्ड उघडण्याआधी विचारावा. बांगडा, सौंदाळे, मुडदुशी, कालवे, तिसऱ्या यांपैकी जे उत्तरात येईल ते घ्यावे. ताज्या बांगड्याचे तिरफळे घातलेले तिखले आणि तांदळाची भाकरी, या जोडीपुढे रवा लावून तळलेली सुरमई बेचव नव्हे, पण अनोळखी गावातली वाटते. ती मुंबईतही तशीच मिळते. तिरफळ दाताखाली आले तर जीभ काही क्षण बधिर होते, म्हणून ते बाजूला काढून ठेवायचे असते. नवख्या पाहुण्याला हे आधी सांगणारा वाढपी मिळाला तर ते हॉटेल चांगले समजावे.

सोलकढीची परीक्षा डोळ्यांनीही करता येते. नारळाचा ताजा रस आणि कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, यांची कढी फिकट गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की ती फुटल्यासारखी दिसते, वर दाट आणि खाली पातळ असे थर पडतात. चमचा फिरवला की पुन्हा एक होते. भडक गुलाबी रंगाची, तासभर ठेवूनही जराही न हलणारी कढी समोर आली तर तिच्यात रंग किंवा तयार पावडर असण्याची शक्यता मोठी. शहरातल्या एका बऱ्यापैकी गाजलेल्या हॉटेलात माझ्या पुढ्यात अशी कढी आली होती आणि ती ‘घरची’ असल्याचे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. तिथले मासे मात्र उत्तम होते, हेही नमूद केले पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत सुरमईची थाळी मागणाऱ्याने आपण शीतगृहातला मासा खात आहोत हे जाणून घ्यावे आणि त्यासाठी हॉटेलवाल्याला दोष देऊ नये. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी सुके मासे, सुकटीची चटणी आणि कुळथाचे पिठले यांच्याकडे वळावे. त्या दिवसांत घरांतून तेच शिजत असते.

शाकाहारी जेवणाच्या बाबतीत रत्नागिरीची कीर्ती बाहेर फारशी पोचलेली नाही, आणि यात दोष हॉटेलांचाच आहे. मुख्य रस्त्यावर पंजाबी भाज्या आणि चायनीज यांची रेलचेल आहे. चांगले जेवण घरगुती खानावळींत मिळते, तेही आधी फोन करून सांगितले तर. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ मिळत असेल तर बाकी सर्व रद्द करावे. कोवळ्या काजूगराला वाळक्या काजूची तुपकट चव नसते, तो किंचित गोडसर आणि मऊ असतो आणि ओल्या नारळाच्या वाटणात मिसळून जातो. याच दिवसांत कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मिळते. वर्षभर मिळणाऱ्यांत कुळथाचे पिठले आणि भात, घावने आणि नारळाची चटणी, आंबोळ्या आणि उकडीचे मोदक यांचा भरवसा धरावा. मोदकाच्या बाबतीत मी थोडा काटेकोर आहे: पारी जाड असेल, कळ्या मोजक्याच असतील आणि सारणात वेलदोड्याचाच वास पुढे येत असेल, तर तो घाऊक प्रमाणात करून ठेवलेला मोदक समजावा.

गावातल्या दोन जागा एका फेरीत होतात. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतले ते घर स्मारक म्हणून जपले आहे. अर्धा तास पुरतो, आणि चरित्रातले प्रसंग ठाऊक असलेल्याला मजकुराच्या फलकांपेक्षा घराचाच, त्याच्या ओसरीचा आणि आवाराचा उपयोग अधिक होतो. पतितपावन मंदिर १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या खर्चाने बांधले. स्थानबद्धतेच्या काळात रत्नागिरीत असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने ते सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. देवळांची दारे दलितांना बंद असण्याच्या काळातली ही घटना आहे, आणि भंडारी समाजातल्या एका बांधकाम व्यावसायिकाने त्यासाठी पैसा ओतला होता; देऊळ पाहताना वास्तूच्या सौंदर्याहून हे लक्षात घ्यावे. वास्तू म्हणून ते साधे आहे.

झाडगावचे मत्स्यालय कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचे आहे. झगमगाट अपेक्षू नये, पण देवमाशाचा सांगाडा आणि काचेमागचे समुद्री जीव पाहून मुले खूश होतात, आणि तिकीटही खिशाला जड नाही. मुले बरोबर नसतील तर वगळले तरी चालेल.

संध्याकाळ मांडवीला. इथली वाळू काळी आहे, कारण तिच्यात इल्मेनाइटसारख्या जड खनिजांचे प्रमाण मोठे आहे. मिऱ्याच्या बाजूचा किनारा त्या मानाने उजळ, म्हणून गावकरी एकाला काळा समुद्र आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात. पोहण्यासाठी मांडवी नव्हे. धक्क्यावर चालायचे, उजवीकडे दीपगृहाचा दिवा लागताना पाहायचा आणि परत येऊन गाडीवरची भेळ खायची, यासाठी मांडवी आहे. आंब्याच्या दिवसांत भेळेत कैरीचा कीस हात सैल सोडून घालतात, आणि त्या दिवसांतली मांडवीची भेळ मला मुंबईच्या चौपाटीवरच्या भेळेहून सरस वाटते. इतर दिवसांत ती चारचौघींसारखीच असते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन अडकलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज पाहायलाही काही वर्षे गर्दी होत असे. संकटाचेही पर्यटन करण्यात आपण पटाईत आहोत.

आता खरेदी, ज्यासाठी बहुसंख्य लोक इथे थांबतात आणि जिच्यात सर्वाधिक फसगत होते. आंबापोळीपासून सुरुवात करू. दुकानाच्या काउंटरवर सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या, एकसारख्या पिवळ्याधमक, चकचकीत पट्ट्या रचलेल्या असतात. पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचावी. नियमानुसार जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले छापावे लागते; तेव्हा साखरेचे नाव आंब्याच्या आधी आले असेल तर आपण आंब्याची चव दिलेली साखर विकत घेत आहोत, हे उघड आहे. घरी घातलेले साठ, म्हणजे घरगुती आंबापोळी, याहून वेगळे दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात तूप किंवा तेलाचा हात फिरवलेल्या ताटांत रस पसरायचा, तो सुकला की त्यावर दुसरा थर द्यायचा, आणि असे दिवसेंदिवस करत जायचे, ही पद्धत असल्याने रंग तांबूस-तपकिरी येतो, जाडी सगळीकडे सारखी नसते आणि कापलेल्या कडेला थरांच्या बारीक रेषा मोजता येतात. बोटांनी वाकवले तर ते चामड्यासारखे वाकते, तुटत नाही. असे साठ बहुधा हापूसचे नसतेच. पेटीत भरून विकता येणारा हापूस उन्हात कोण वाळवील? ते रायवळ आंब्याचे असते, आणि त्यातच त्याची खुमारी आहे, कारण रायवळच्या रसाला आंबटपणाची जी धार असते ती हापूसच्या रसाला नाही. दुकानात ‘घरगुती साठ आहे का’ असे विचारले की मालक मागच्या कपाटाकडे वळतो, असा प्रसंग मला एकाहून अधिक दुकानांत आला आहे.

फणसपोळी तर आंबापोळीहूनही वरच्या दर्जाची, असे मी म्हणेन, आणि तिला मागणी कमी असल्याने तिच्यात भेसळ करण्याचा मोहही कमी. ती बरक्या फणसाची करतात, ज्याचे गरे मऊ, गिळगिळीत आणि अतिगोड असतात. कापा फणस घट्ट गऱ्यांचा, तो तळून त्याचे वेफर होतात. फणसाचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांच्यासाठी ती नव्हे. इतरांनी थोडी घेऊन पाहावी, तोंडात हळूहळू विरघळू द्यावी आणि मग किती घ्यायची ते ठरवावे. तळलेल्या गऱ्यांना मात्र तेलाचा खवट वास लवकर लागतो, म्हणून बंद पाकिटापेक्षा जिथे दुकानदार चव घेऊ देतो तिथून घ्यावेत.

कोकम ही रत्नागिरीहून आणण्याची माझ्या मते सर्वांत फायद्याची वस्तू. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रातांब्यापासून, म्हणजे कोकमाच्या फळापासून, तीन वेगळ्या वस्तू होतात आणि त्यांची गल्लत होते: साल मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवले की आमसूल, मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, आणि साखरेत मुरवलेले ते सरबताचे कोकम. पर्यटक सरबताच्या बाटल्या उचलतात, ज्यांत साखरच अधिक आणि वजन प्रवासात वाहण्यासारखे नाही. त्याऐवजी आमसुले घ्यावीत. ती काळपट-जांभळी, हाताला किंचित ओलसर आणि चिकट लागली पाहिजेत. अंगावर मिठाचे पांढरे खडे दिसत असतील तर मिठाचेही पैसे आपण देत असतो, आणि कडक, वाळकी साल म्हणजे गेल्या वर्षीचा माल. बाटलीच घ्यायची तर आगळाची घ्यावी, वर्षभर आमटीला आणि कढीला पुरते. योजकसारख्या जुन्या स्थानिक उत्पादकांचा बंद माल शहरात सहज मिळतो आणि ज्यांना पारख करण्याची खटपट नको त्यांच्यासाठी तो मार्ग सोपा आहे.

काजूच्या बाबतीत सावध राहावे. भारतातले काजू कारखाने आफ्रिकेतून कच्चे बी मोठ्या प्रमाणावर आणतात, त्यामुळे कोकणात फोडलेला प्रत्येक काजू कोकणात पिकलेला असतोच असे नाही. पाकिटावर २४० किंवा ३२० असे आकडे असतात ते एका पौंडात साधारण किती गर बसतात ते दाखवतात. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. चवीचा त्याच्याशी संबंध नाही. लाल सालासकट भाजलेला काजू घ्यावा. तो दिसायला ओबडधोबड असतो आणि किंमतही पांढऱ्या सोललेल्या काजूपेक्षा सहसा कमी असते. चव मात्र शाबूत राहते.

राहता राहिला हापूस. त्याची स्तुती करण्याची गरज नाही, म्हणून गैरसोयींबद्दलच बोलतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकातला आंबा त्याच नावाने विकला जाण्याचे थांबलेले नाही. मार्चमधली पहिली पेटी हौसेला मोल नसणाऱ्यांसाठी असते. भाव उतरतात आणि फळ भरते ते मे महिन्यात. साका, म्हणजे गरात पडणारा पांढुरका स्पंजासारखा भाग, बाहेरून अजिबात ओळखता येत नाही, तेव्हा एखादे फळ तसे निघाले म्हणून बागायतदाराला चोर ठरवू नये. मात्र डझनाला तीन-चार निघाले तर पुढच्या वर्षी दुसरा बागायतदार शोधावा. रस्त्यावरच्या टपरीवरून पेटी घेण्यापेक्षा पावसच्या रस्त्याला किंवा गावाबाहेरच्या एखाद्या बागेत जाऊन, आढीतला आंबा हातात घेऊन, देठाजवळ वास घेऊन घ्यावा. पेटीचा खालचा थर उघडून दाखवा, असे म्हणायला लाजू नये. खरा बागायतदार रागावत नाही.

शहराबाहेर पडायचे असेल तर आरे-वारे किनाऱ्याचा रस्ता स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. गणपतीपुळ्याला निवळीमार्गे महामार्गाने न जाता या किनारी रस्त्यानेच जावे. टेकडीच्या वळणावर दोन्ही बाजूंचे किनारे दिसतात तिथे थांबावे, पण खाली पाण्यात उतरण्याची हौस करू नये; उतार एकदम खोल होतो आणि तिथे बुडण्याच्या घटना घडलेल्या आहेत. दुसऱ्या दिशेला भाट्याचा पूल ओलांडून झरी विनायकाचे देऊळ, प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आणि पुढे पावसचा स्वामी स्वरूपानंदांचा मठ, एवढे अर्ध्या दिवसात आरामात होते. नारळाच्या जाती पाहण्यात रस असेल तरच संशोधन केंद्राला वेळ द्यावा. उक्षीसारख्या गावांतल्या कातळशिल्पांना मात्र दुसऱ्या खेपेला वेगळा दिवस ठेवावा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, उन्हात फिरावे लागते, आणि घाईत पाहिली तर ती नुसत्या रेघोट्याच दिसतात.

जाण्यायेण्यासाठी कोकण रेल्वे सर्वांत सोयीची. स्थानक गावापासून काही किलोमीटर लांब असल्याने रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. सुट्ट्यांच्या आणि गणपतीच्या दिवसांत आरक्षण खूप आधी संपते. राहण्यासाठी मांडवी किंवा भाट्ये या बाजूची जागा पाहावी. स्थानकाजवळच्या लॉज केवळ पहाटेच्या गाडीसाठी सोयीच्या. परतीच्या सामानात आमसुले आणि साठ वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या पिशवीत चालतात, पण आगळाची बाटली वेगळ्या पिशवीत आणि उभीच ठेवावी, कारण तिचा डाग पांढऱ्या कपड्यावरून निघत नाही.